शंभर दिवसांची पैज

पैज लावली ती माझ्या मुलीने. २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती आणि मी नेहमीची तक्रार करीत बसलो होतो, की पेशंटना कितीही सांगा, रोज अर्धा तास कुणी चालत नाही. आठ दिवस चालतात, नवव्या दिवशी पाऊस येतो, दहाव्या दिवशी पाहुणे येतात आणि अकराव्या दिवशी बूट माळ्यावर जातात. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः रोज न चुकता काय करता ते सांगा. दात घासणं सोडून." चहा पितो, असे म्हणणार होतो, पण आमच्या सौभाग्यवतींनी डोळे वटारले.

मग ठरले. एक जूनपासून शंभर दिवस मी रोज एक पान लिहायचे. काय लिहायचे ते माझ्यावर, पण लिहायचे रोज. जिंकलो तर मुलगी मला नवे फाउंटन पेन देणार आणि हरलो तर मी रविवारी सकाळी दवाखाना बंद ठेवणार. ही दुसरी अट मायलेकींनी आधीच ठरवून ठेवली असावी, असा मला अजून संशय आहे.

लिहिणे मला अगदीच नवे नव्हते. कॉलेजात असल्यापासून मी डायरी लिहीत असे. १९९५ मध्ये कुर्ला पश्चिमेला न्यू मिल रोडच्या बाजूला दवाखाना थाटला, तेव्हाही रात्री शेवटचा पेशंट गेला की चार ओळी लिहून मगच शटर ओढायचो. त्या वह्या दवाखान्यातल्याच खालच्या कपाटात असत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीने आमच्या भागात काय केले, ते कुर्लेकरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तर केसपेपर आणि डायऱ्या यांचा एकच लगदा झाला होता. पुढचे दोन महिने तापाचे आणि लेप्टोचे पेशंट तपासण्यात गेले. नंतर वेळ होता, पण मन झाले नाही. लिहिलेले असे पाण्यात जाते तर लिहायचे कशाला, असे म्हणून मी जी वही मिटली, ती अठरा वर्षे मिटलेलीच राहिली.

आता पैजेविषयी. आपल्याकडे कुठलीही सवय लावायची म्हटली की "एकवीस दिवस करा, सवय लागते" असे सर्रास सांगितले जाते. मीही सांगत असे. या एकवीस दिवसांचा उगम बऱ्याचदा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनपर्यंत नेला जातो. ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना निदान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवले होते. त्यातला 'निदान' हा शब्द पुढे कुठेतरी गळाला, नाकाच्या जागी चालणे, व्यायाम, जप, काहीही आले आणि एकवीसचा आकडा तेवढा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. रोज ठराविक वेळी एखादी साधी गोष्ट करायची, उदाहरणार्थ न्याहारीनंतर पेलाभर पाणी प्यायचे किंवा जेवणाआधी थोडे पळून यायचे, आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते पाहायचे. मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. पण कुणाचे १८ दिवसांत भागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागली नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवणाऱ्या माणसाचा काही दोष नसतो, आकडाच खोटा असतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नव्हता. हे मला आधी ठाऊक असते तर माझा एक आठवडा वाचला असता. सोळाव्या दिवशी मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही साताऱ्याला गेलो. रात्री वरातीतून परतेपर्यंत एक वाजला आणि पान कोरे राहिले. पैज मोडली, आता कशाला लिहा, म्हणून पुढचे सहा दिवस वहीला हातच लावला नाही. मोडलेला एक दिवस आणि फुकट घालवलेले सहा! उपवास करणाऱ्याने चुकून शेंगदाणा खाल्ला म्हणून त्याच दिवशी मिसळ हाणावी, त्यातलाच हा प्रकार. गोळी एक दिवस चुकली म्हणून महिनाभर औषध बंद करणारे पेशंट मी रोज पाहतो, त्यांना रागावतोही. तेविसाव्या दिवशी पुन्हा वही उघडली.

कुणी म्हणेल, एका पानात आहे काय? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत 'गीतारहस्य' लिहून काढले, तेही शिसपेन्सिलीने आणि मधुमेह असताना. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये 'श्यामची आई' हातावेगळी केली, ती पाच दिवसांत. पण ही मोठी माणसे आणि त्यांची गोष्ट वेगळी. शिवाय लिहायला निवांतपणा हवा म्हणून आपण काही तुरुंगात जाणार नाही. मला जास्त जवळचे वाटतात ते अण्णाभाऊ साठे. कुर्ल्याच्या पुढचे स्टेशन विद्याविहार आणि त्यापुढचे घाटकोपर. तिथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून, शाळेचे नाव घेण्यापुरतेच शिक्षण झालेल्या या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची. टेबल नाही, जागा नाही, शांतता नाही, असे कुणी मला सांगू लागले की मी खिडकीतून घाटकोपरच्या दिशेला बोट दाखवतो.

जागेचा प्रश्न मात्र खराच आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सहा माणसे राहतात. तिथे सुनेने मनातले लिहायचे म्हटले तर वही ठेवायची कुठे? उशीखाली ठेवली तर नणंद वाचते, डब्यात ठेवली तर सासू. माझ्याकडे डोकेदुखीसाठी येणाऱ्या एका बाईंना मी लिहायला सांगितले, तर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, लिहिलं तर डोकं दुखायचं थांबेल, पण घरात भांडण सुरू होईल." तेव्हापासून मी सांगतो, पाठकोऱ्या कागदावर लिहा आणि वाटल्यास फाडून टाका. (माझी स्वतःची सोय झालेली आहे. माझे अक्षर घरात कुणालाच लागत नाही. तीस वर्षांनंतरही समोरचा केमिस्ट अधूनमधून फोन करून विचारतो.)

याचा तब्येतीशी काय संबंध, असा प्रश्न एव्हाना वाचकांच्या मनात आला असेल. संबंध आहे, पण तो आहे तेवढाच सांगतो. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोज पंधरा मिनिटे, ओळीने चार दिवस, काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाविषयी मोकळेपणाने लिहायचे आणि काहींनी साध्यासुध्या विषयावर. दुखरे लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. १९९९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात तीन दिवस वीस-वीस मिनिटे लिहिले होते. चार महिन्यांनी, मनातले लिहिणाऱ्यांपैकी शेकडा ४७ जणांत लक्षात येण्याजोगी सुधारणा दिसली आणि साध्या विषयावर लिहिणाऱ्यांत शेकडा २४ जणांत. औषधे दोघांचीही चालूच होती, हे विसरू नका.

हे वाचून मलाही वाटले होते, की वाहवा, आता प्रिस्क्रिप्शनवर वहीच लिहून द्यावी. पण पुढे अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब २००६ मध्ये मांडला गेला, तेव्हा फायदा आहे, पण सरासरी पाहता लहान आहे, असे दिसले. म्हणून माझे मत असे, की लिहिणे हे औषध नाही. पण ते इतके स्वस्त आहे की लहान फायद्यासाठीही करून पाहायला हरकत नाही. झोपेची तक्रार असलेल्यांना तर मी आवर्जून सांगतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला दिले. उद्या करायच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपले. नऊ मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे ज्याला पडल्यापडल्या झोप लागते तोच म्हणेल.

एक इशारा द्यायला हवा. दुःखाविषयी लिहिले की त्या दिवशी मन हलके होण्याऐवजी जड होते. अनेकांना असे होते आणि ते सहसा लवकर ओसरते. पण तेच ते रोज लिहून माणूस आणखी आत बुडत असेल, जेवण-झोप सुटली असेल, जगू नये असे विचार वहीत येऊ लागले असतील, तर वही मिटा आणि डॉक्टरकडे जा. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येते. यात लाजण्यासारखे काही नाही.

पण माझ्या अनुभवाने लिहिण्याचा सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे, आणि तो कुठल्या प्रयोगातून नव्हे, माझ्या स्वतःच्या वहीतून मला समजला. आता तेच सांगतो.

मी राहतो पूर्वेला, नेहरूनगरला. दवाखाना पश्चिमेला. रोज दोन वेळा स्टेशनचा पूल ओलांडतो. पैजेची वही म्हणजे काही साहित्य नव्हे. भाजीचे भाव, कुणाचा ताप उतरला, कुणी फी बुडवली, लोकल किती उशिरा होती, असले सगळे त्यात. २३ जुलै, रविवार, पैजेचा त्रेपन्नावा दिवस. मुलीला दाखवावे म्हणून मी पाने मोजायला बसलो आणि मोजता मोजता वाचू लागलो.

नवव्या दिवशी लिहिले होते : पुलावर दोन मिनिटे थांबलो, उकाडा फार. तेविसाव्या दिवशी : पिशवी जड होती, पायऱ्यांवर दम लागला. अडतिसाव्या दिवशी : पायऱ्या निसरड्या, मध्ये थांबून मग चढलो. सत्तेचाळिसाव्या दिवशी : छातीत जळजळ, दुपारी वडापाव खायला नको होता, पूल उतरल्यावर बरे वाटले.

वाचकहो, चारही वेळा अक्षर माझे, कारण वेगळे आणि जागा एकच. उकाडा, पिशवी, पाऊस, वडापाव! पुन्हा चढण लागली की त्रास आणि थांबले की आराम. एखाद्या पेशंटने हे चार शब्दांत सांगितले असते तर मी त्याला खुर्चीतून उठू दिले नसते. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मी तेव्हा चोपन्नाचा होतो. आणि अठ्ठावीस वर्षे प्रॅक्टिस केलेला हा डॉक्टर दर वेळी स्वतःला एक नवी सबब लिहून देत होता. त्या दिवसापुरती ती प्रत्येक सबब मला पटलीही होती. चारही एका वहीत आल्या नसत्या तर कदाचित पाचवीही पटली असती.

मुलीला वही दाखवली नाही. सौभाग्यवतींना दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझी चप्पल पुढे आणून ठेवली. सोमवारी सकाळी मित्राकडे कार्डिओग्राम काढला. तो नॉर्मल आला. इथेच बरेच जण फसतात, म्हणून ठळक सांगतो : विश्रांतीच्या वेळचा कार्डिओग्राम नॉर्मल असला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असे नव्हे. पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट केली, ती तिसऱ्या टप्प्यात बिघडली. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली. त्याच आठवड्यात तिथे स्टेंट बसला. हॉस्पिटलात त्या रात्री मी नर्सकडे पेन मागितले आणि चार्टच्या मागे तीन ओळी खरडल्या. पैजेत ते पान धरायचे की नाही, यावर घरी नंतर बराच वाद झाला.

कृपा करून यावरून असा अर्थ काढू नका, की चालताना छातीत दडपण आले तर महिनाभर वहीत लिहून पाहावे. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, आणि थांबल्यावर बरे वाटणे, हे एकदा झाले तरी डॉक्टरकडे जायचे. बसल्याजागी तसे झाले, घाम सुटला, तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचे. मी पन्नास दिवस वाचलो ते नशिबाने.

तेव्हापासून मी पेशंटना रोज एक ओळ लिहायला सांगतो. ऐकणारे थोडे. पण जे लिहितात ते माझे काम सोपे करतात. एक रिटायर्ड गिरणी कामगार, आमचे काका, चक्कर येते म्हणून चार महिने हेलपाटे घालत होते. रक्त तपासले, कान तपासले, मानेचा एक्स-रे झाला. शेवटी त्यांनी वहीत तारीख, चक्कर केव्हा आली आणि त्याआधी काय घेतले होते, एवढेच लिहिले. पंधरा दिवसांनी वही पाहिली तर चक्कर यायची ती पहाटे लघवीला उठल्यावरच, आणि ज्या रात्री प्रोस्टेटची आणि ब्लडप्रेशरची गोळी एकदम घेतली त्या रात्रीनंतरच. उभे राहिल्यावर त्यांचे प्रेशर एकदम खाली येत होते. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, उठताना आधी दोन मिनिटे पलंगावर पाय सोडून बसायला सांगितले, आणि चक्कर थांबली. (आपल्या गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नका, हेही त्याच दमात सांगतो.)

दुसऱ्या एक मावशी, पापड लाटणाऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. अंग दुखते, भूक नाही, सगळ्या तपासण्या बऱ्या. त्यांना म्हटले, "मावशी, पान नको, रोज एक शब्द लिहा. आज कसं वाटलं, तेवढाच." दोन आठवड्यांनी त्यांनी कॅलेंडरच फाडून आणले. प्रत्येक चौकोनात एक शब्द. बरं. दमले. राग. मग बोट ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, 'एकटी' सहा वेळा आलंय बघा." मुलगा दुबईला, नवरा जाऊन तीन वर्षे झालेली. हे मला त्यांनी आधी कधी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते. त्या दिवशी मी टॉनिक लिहिले नाही. खुर्ची जवळ ओढून वीस मिनिटे बोललो. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडरने दोनदा आत डोकावून पाहिले. आता त्या गल्लीतल्या भजनी मंडळात जातात. अंग अजून दुखते म्हणतात, पण महिन्यातून एकदाच येतात.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, वेळ घड्याळाशी नव्हे, कामाशी बांधा. रात्री साडेदहाला लिहीन म्हटले तर साडेदहाला मालिका असते. मी भांडी घासून ओटा पुसला गेला की लिहितो (ओटा माझ्याकडे आहे, गैरसमज नको). दुसरी, माप लहान ठेवा. एक पान मला जड गेले, हे कबूल करतो. आज कुणी विचारले तर मी तीन ओळी सांगेन. मोबाइलवर लिहिले तर चालेल का, असे तरुण मुले विचारतात. चालेल, पण लिहायला म्हणून मोबाइल हातात घेतला आणि लिहूनच खाली ठेवला, असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आठ सप्टेंबरला शंभर दिवस भरले. हॉस्पिटलातली पाठकोरी ओळ धरून एक्क्याण्णव पाने झाली. मी म्हटले, वैद्यकीय कारणांची सूट मिळायला हवी. मुलगी म्हणाली, साताऱ्याची वरात हे वैद्यकीय कारण नाही. सौभाग्यवती पंच होत्या, त्यामुळे निकाल काय लागला ते उघड आहे. पेन मला तरीही मिळाले. सध्या सातवी वही चालू आहे आणि ती दवाखान्यात नव्हे, घरी वरच्या फळीवर असते.

तेव्हा रविवारी सकाळी शटर बंद पाहून जे परत जातात आणि सोमवारी येऊन माझ्यावर रागावतात, त्यांनी कारण लक्षात घ्यावे. तातडीचे काही असेल तर फोन करावा, मी नेहरूनगरलाच असतो. पूल चढून यायला मला दहा मिनिटे लागतात, मध्ये न थांबता.